एक रविवार, दोन तलाव

लेकीला बोट हवी होती आणि सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, पक्षी. दोघांपैकी कुणाचंच तोंड वाकडं होऊ नये म्हणून आज सकाळी उपवन आणि संध्याकाळी तलावपाळी असा बेत ठरवला. ठाण्यासारख्या तलावांच्या शहरात राहायचं तर एका दिवसात दोन तलाव काही फार नाहीत.

पोखरण रोड नंबर एकने उपवनला पोचलो तेव्हा ऊन येऊरच्या डोंगरमाथ्यावर आलं होतं, खाली उतरलं नव्हतं. काठावर फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी. एका आजोबांच्या खिशातला मोबाईल पूर्ण आवाजात अभंग म्हणत होता. आमचे बाबा मात्र दहा पावलं चालतात आणि थांबतात. त्यांच्याबरोबर चालण्याचा व्यायाम होत नाही, उभं राहण्याचा होतो.

"तो दगड बघ," म्हणाले. बघितला. दगडच होता. पुन्हा बघ म्हणाले. कितीतरी वेळाने दिसलं की दगडाला चोच आहे! मातकट, रेघारेघांची ढोकरी, मान आत ओढून बसलेली. आणि उडाली तेव्हा अचानक पांढरीशुभ्र. बसताना एवढे पांढरे पंख कुठे लपवते कोण जाणे.

पलीकडे एक पाणकावळा पंख पसरून उन्हाची वाट बघत बसलेला. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकून टाकत नाहीत, चांगली भिजतात. पिसांत हवा कमी अडकते, म्हणून बुडी मारून माशामागे धावणं सोपं जातं. मग बाहेर येऊन वाळत बसावं लागतं. लेकीने विचारलं, "मग तो टॉवेल का नाही आणत?" बाबा एवढे हसले की शेजारचा करडा धोबी पक्षी शेपटी हलवत लांब गेला. हा हिवाळी पाहुणा, एप्रिलपर्यंत उत्तरेकडे परतेल.

आणि ते पाव! पिशवीभर पाव पाण्यात टाकून लोक पुण्य कमावतात. मासे खातात तेवढे खातात, उरलेला कुजतो आणि पाणी हिरवं व्हायला मदत होते. बाबा एकाला सांगायला गेले, त्याने नमस्कार केला आणि पुढचा पाव काढला.

संध्याकाळी तलावपाळी. कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले, कारण लेक बोटीच्या रांगेत उभी राहिली होती. गडकरी रंगायतनसमोर नाटकाची गर्दी जमायला लागलेली. लाईफ जॅकेट घालताना बाबा कुरकुरले, गुडघ्यांचं कारण काढलं, पण पेडल बोटीत बसले. पेडल मारलं मी आणि लेकीने. घामाघूम झालो आणि मध्यावर थांबलो.

थांबलो तेव्हा जवळच पाण्यातून एक पाणकावळा वर आला. सकाळी दुर्बिणीतून बघितलेला तो आता एवढा जवळ की चोचीचं आकड्यासारखं वाकलेलं टोक दिसलं. चोचीत मासोळी आडवी. त्याने ती हवेत उडवून डोक्याच्या बाजूने गिळली. काठावर माणूस जरा जवळ गेला की हे पक्षी लांब जातात, इथे आम्ही तिघं त्याच्यासमोर धापा टाकत होतो तरी त्याला फिकीर नाही. बाबांना दुर्बीण घरी ठेवल्याचा पश्चात्ताप नव्हता, गरजच पडली नाही म्हणाले.

माझं मत पक्कं झालंय. पायाने चालणारी बोट पक्ष्यांना खपते, पण एवढ्याशा तलावात इंजिनवालं काहीही आणू नये. मोठ्या पाण्याची हौस असेल त्यांनी खाडीकडे जावं.

त्यावरून जेवताना ऐरोलीहून खाडीत जाणाऱ्या बोटीचा विषय निघाला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आलं, आणि आम्ही इतक्या जवळ राहून अजून तिथल्या बोटीत बसलो नाही. ती बोट भरतीच्या वेळेवर सुटते. म्हणजे आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मग आमच्या सुट्ट्या. बाबा जेवण झाल्याझाल्या कॅलेंडर घेऊन बसलेत. लेकीची एकच अट आहे, तिथे पेडल तिला मारायला लावायचं नाही.