बिस्किटाच्या डब्यातल्या ३१ पिना: नोंद तिसरी

मागच्या नोंदीत परत जाईन म्हटलं होतं, त्याप्रमाणे न्यू जर्सीतल्या लॅम्बर्टव्हिलच्या गोल्डन नगेट या जुन्या वस्तूंच्या बाजारात पुन्हा जाऊन आलो. बुधवार होता, नीट उजाडलंही नव्हतं. एका टेबलाखाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा दिसला. आत बटणं, कफलिंक, पट्टा नसलेली घड्याळं आणि तळाशी ३१ लेपल पिना, म्हणजे कोटाच्या कॉलरवर लावायच्या. बाईंनी ४० डॉलर सांगितले, सौदा ३० वर ठरला. मंडईत आईबरोबर पिशवी धरून उभं राहण्याचं शिक्षण न्यू जर्सीतही वाया जात नाही.

निकाल आधीच सांगतो: १९ नुसतं पितळ किंवा मुलामा, ८ गोल्ड फिल्ड (छाप ‘जीएफ’: वर सोन्याचा पत्रा, आत दुसरा धातू), ४ अस्सल सोनं. तिथवर पोचायला मात्र तीन आठवडे लागले, आणि दोनदा तोंडावर आपटलो.

पिन हातात आली की आता मी आधी पालथी करतो. पुढचा भाग कंपनीचं नाव सांगतो, बाकी सगळं मागच्या बाजूला. फिरकीची मळसूत्री पिन साधारण जुनी. चिमटा दाबून निघणारी फुलपाखरी टोपी १९४० च्या दशकापासून रुळली. पण फिरकी हरवते आणि लोक दुसऱ्या पिनेची लावतात, म्हणून फिरकीवरच्या कसाच्या छापाचा भरवसा नको. छाप पिनेच्या अंगावरच शोधायचा. बाल्फर, जोस्टेन्स, ओ. सी. टॅनर ही नावं दिसली की बहुधा नोकरीच्या वर्षांची पिन: १० वर्षं, २५ वर्षं, कंपनीकडून शाबासकी.

छाप वाचताना माझी पहिली चूक झाली. ‘१/१० १०के जीएफ’ यातलं मी फक्त ‘१०के’ वाचलं आणि घरी पेढे आणायचेच बाकी ठेवले. तो अपूर्णांकच खरी गोम आहे. एकूण वजनाचा दहावा भाग १० कॅरटचा पत्रा, आत दुसराच धातू. म्हणजे शुद्ध सोनं जेमतेम ४.२ टक्के. याच्या उलट ‘१०केपी’ दिसली की लोक ‘पी म्हणजे प्लेटेड’ म्हणून टाकून देतात. तो पी ‘प्लंब’चा, म्हणजे कस काटेकोर दहाच. तशी एक पिन मला पितळेच्या ढिगात सापडली, मीच टाकलेली! आणखी एक बारकावा: अमेरिकेच्या १९०६ च्या छापाच्या कायद्यात डाग देऊन (झाळून) जोडलेल्या वस्तूला एका कॅरटची सूट होती, ती १९८१ मध्ये आवळली गेली. तेव्हा जुनी ‘१०के’ पिन वितळवली तर नऊचीच निघू शकते.

दुसरी आपटी न्यू जर्सीतल्याच ओक ट्री रोडवर. एका सराफाकडे एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण टाकून कस सांगणारं यंत्र आहे. त्यांनी पिन ठेवली, आकडा आला ४१.५ टक्के. ‘दहा कॅरट आहे, साहेब.’ मी खूश. घरी भिंगाखाली पाहतो तर कडेला छाप: जीएफ. यंत्राचा दोष नाही, सराफाचाही नाही. ते किरण वरच्या काही मायक्रॉनपुरतंच बघतात, आणि गोल्ड फिल्डचा पत्रा त्याहून जाड असतो. कसोटीच्या दगडावरही तेच. हलका कस ओढला तर वरचं सोनंच उमटतं, आणि खोल कानस मारायचा माझा जीव होत नाही.

म्हणून आता पाण्यात वजन. १० कॅरटची घनता (घनसेंटिमीटरला ग्रॅम) साडेअकराच्या आसपास, पितळेची साडेआठ. हिशेब सोपा, पण १.४ ग्रॅमची सोन्याची पिन पाणी हटवते ०.१२ ग्रॅम, पितळेची ०.१६. दोन दशांश स्थळांचा काटा इथे नुसती करमणूक आहे. तीन स्थळांचा घेतला. पिनेला चिकटलेला हवेचा बुडबुडा ब्रशने झटकायचा, नाहीतर सोन्याचं पितळ होतं.

आता किमतीचं. हिशेबाला औंस ३००० डॉलर धरू. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा, तेवढ्याने भागलं की ग्रॅमला साधारण ९६. १.४ ग्रॅमची १०के पिन झाली ५६ डॉलरची. तेवढ्याच वजनाची जीएफ साडेपाचची, आणि एवढंसं सोनं काढून द्यायला कोणी बसलेलं नाही. हा झाला तळाचा भाव. त्यावर किती, ते विकत घेणाऱ्याच्या वेडावर. ईबेवर मागितलेले भाव बघू नका, ‘विकलेले’ बघा. माझी सगळ्यात चांगली विकलेली पिन जीएफच होती: पेनसिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीचं चिन्ह, लाल कीस्टोन (कमानीच्या माथ्यावरच्या दगडाचा आकार). ती कंपनी १९६८ मध्ये विलीन झाली, पण तिचे वेडे आहेत. एकाने ३५ डॉलर दिले. आणि अस्सल सोन्याची, कुठल्यातरी गावच्या बँकेची पिन वजनावरच अडकली आहे.

ठेवून घेतली ती बेल सिस्टिम या अमेरिकेतल्या जुन्या टेलिफोन कंपनीची, निळ्या मिन्यावर घंटा आणि घंटेवर अक्षरं. चित्रकार सॉल बासने कंपनीसाठी १९६९ मध्ये काढलेल्या घंटेवर अक्षरं नाहीत, म्हणजे ही त्याआधीची. मागे कुणाची तरी आद्याक्षरं कोरली आहेत. त्याने भाव वाढत नाही, उलट थोडा उतरतो.

एक पिन अजून अडली आहे. छाप नाही, घनता १०.२. मिना हलका, त्यामुळे आकडा खाली ओढला जातो. किती ते मिना न काढता कळणार नाही. मिना काढणार नाही. कोणी मिन्याची जाडी मापून वजावट केली असेल तर रीत सांगा.