हे खरे आहे काय?

आमच्या नेरूळच्या सोसायटीत मला सगळे 'आमदारांची पीए' म्हणतात. दुरुस्त करायचा नाद मी सोडलाय. पीएंकडे फोन, दौरे, लग्नपत्रिका, शिफारसपत्रं. त्यांचा मान मोठा, कारण ताई, म्हणजे आमच्या आमदार, आत्ता कुठे आहेत हे फक्त त्यांनाच माहीत असतं. मी कागदांवाली. माझ्या पदाला सरकारदरबारी नाव नाही, पगार ताई स्वतः देतात.

अधिवेशन जवळ आलं की मी प्रश्न लिहिते. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला: अमुक अमुक 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. वाचायला गंमत वाटते, पण उत्तर तयार करणारा कक्ष अधिकारी मुरलेला असतो. एक तपशील चुकला की 'हे खरे नाही', आणि खालच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. झाली मेहनत पाण्यात.

आमच्या डीपीएस तलावाचंच घ्या. एप्रिल 2024 मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. घराजवळची जागा, त्यामुळे मी चिडले होते, आणि चिडून लिहिलेला मसुदा हमखास लांबतो. 'प्रशासनाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे' वगैरे सगळं काढावं लागतं. प्रश्नात आरोप, मत, विशेषणं नियमांत बसत नाहीत. उरतं एवढंच: भरतीचं पाणी तलावात येण्याचे मार्ग बंद झाले आहेत, हे खरे आहे काय?

आता हे विचारायचं कुणाला? सिडको नगरविकास विभागाकडे, कांदळवन कक्ष वन विभागाकडे, आणि पर्यावरण विभाग तिसराच. त्यात आणखी एक मेख आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, पण हा तलाव त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर. पक्षी दोन्हीकडे तेच, भरती-ओहोटीप्रमाणे ये-जा करणारे. तरी घाईत 'अभयारण्यातील तलाव' लिहिलंत की संपलं. हे खरे नाही.

प्रश्नोत्तरांच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांना लेखी उत्तर. आपला पुकारला गेला तर सगळी मदार उपप्रश्नावर, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर तिथेच विचारायच्या पुढच्या प्रश्नावर. ताईंच्या हातात मी दोन ओळींची चिठ्ठी देते आणि भाषण करू नका म्हणून विनवते. त्या करतातच. मतदारसंघात क्लिप फिरायला हवी, हे मलाही कळतं, फक्त शेवटी 'किती दिवसांत?' एवढं विचारलं गेलं पाहिजे. मंत्री 'महिन्याभरात बैठक घेऊ' म्हणाले की ते कार्यवाहीत, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याच्या अधिकृत नोंदीत, नोंदलं जातं. ते आश्वासन धरता येतं, आणि अशा आश्वासनांच्या मागे लागायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. नुसतं 'तपासून पाहू' म्हणाले तर हातात काहीच नाही, कारण तपासायला मुदत नसते. ताईंना बाकं वाजलेली आवडतात, मला तारीख.

सभागृह संस्थगित झाल्यावर कॅमेरे जातात आणि मी कार्यवाही उघडते. आश्वासनाचं एकेक वाक्य शोधायचं, दिनांकासह पत्रात उतरवायचं, ताईंची सही घेऊन त्या विभागाला धाडायचं. पावसाळी अधिवेशनातली ही पत्रं डिसेंबरात नागपूरला निघण्याआधी जायलाच हवीत. नाहीतर तोच प्रश्न तिथे पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागतो.