'अंगाला औषध लागेना' या वाक्याविषयी

माझी आत्या निपाणीच्या तंबाखू वखारीत तीस वर्षे कामाला होती. तंबाखूची धूळ आणि घरच्या चुलीचा धूर यांनी तिच्या फुप्फुसांची जी अवस्था केली तिला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसता 'दम' म्हणत. गेल्या वर्षी दम इतका वाढला की तिला बेळगावला आणून अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. सहाव्या दिवशी नव्याने ताप चढला, नळीतून येणारा कफ हिरवट झाला आणि ऑक्सिजन वाढवावा लागला. कफाच्या कल्चर रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला जिवाणू निघाला, आणि औषधांच्या यादीत मेरोपेनेम या प्रभावी अँटिबायोटिकसह बहुतेक नावांपुढे 'आर' हे अक्षर होते, म्हणजे 'रेझिस्टंट': जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही.

बाहेर बाकावर बसलेले सगळे नातेवाईक एकच बोलत होते, "तिच्या अंगाला औषध लागेना." हे वाक्य मलाही तेव्हा खरे वाटले होते. प्रत्यक्षात औषधाची सवय शरीराला होत नाही; बदलतो तो जिवाणू. काही क्लेब्सिएला एनडीएम नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतात, आणि मेरोपेनेमसारखे औषध काम करण्याआधीच ते विकर त्याचे रेणू फोडून टाकते. त्याचे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते, आणि असा जिवाणू हातांवरून, नळ्यांवरून, खाटेच्या कठड्यावरून शेजारच्या रुग्णापर्यंत पोहोचतो. दोष आत्याच्या अंगाचा मानला की आपण हात धुवायचे विसरतो, म्हणून त्या वाक्याचा मला आज राग येतो.

अशा रुग्णांनाच हे का गाठते, तेही तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. धुराने श्वासनलिकेतील केसासारखे तंतू निकामी झालेले असतात, त्यामुळे कफ वर सरकत नाही. घशातली नळी खोकल्याची वाट अडवते आणि तिच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा चिकट थर साचतो. दमासाठी दिलेली स्टेरॉइड प्रतिकारशक्ती कमी करतात. शिवाय सीओपीडीच्या रुग्णाला व्हेंटिलेटरवरून काढायलाही वेळ लागतो. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार महत्त्वाची वाटते: नळीतल्या कफात जिवाणू सापडला म्हणजे न्यूमोनिया झालाच असे नाही, तो तिथे नुसता वस्तीला असू शकतो. ताप, एक्स-रे आणि ऑक्सिजनची गरज हे सारे जुळले, तेव्हाच त्यांनी कोलिस्टिन हे जुने अँटिबायोटिक सुरू केले. 1950 च्या दशकात वापरात आलेले हे औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून मागे पडले होते. नवी औषधे हरू लागल्यावर ते परत आले. मूत्रपिंडे कशी चालली आहेत हे दाखवणारे आत्याच्या रक्तातले क्रिएटिनिन रोज तपासले जाई आणि त्या आकड्याची आम्ही श्वास रोखून वाट पाहत असू.

घरी तिच्या पत्र्याच्या डब्यात मला अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम या अँटिबायोटिकची अर्धवट संपलेली पाकिटे सापडली. दम वाढला की कोणीतरी मेडिकलमधून तीन गोळ्या आणून द्यायचे. सेफिक्झिम 2014 पासून औषध नियमांच्या एच-1 अनुसूचीत आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. दम वाढण्याची कित्येक कारणे विषाणूंची असतात, आणि त्यांवर या गोळ्यांचा काहीही उपयोग नसतो. कफाचे प्रमाण वाढले, रंग पिवळा-हिरवा झाला, धापही वाढली, तेव्हा अँटिबायोटिकचा प्रश्न खरा उभा राहतो. त्या गोळ्या आणणाऱ्यांत मीही होतो, आणि त्या आणताना आत्याची सेवा केल्याचे समाधान मला वाटत असे.

आत्या बावीस दिवसांनी घरी आली. यंदा पावसाळ्यात तिला पुन्हा दाखल करावे लागले, तेव्हा रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेला तो जुना रिपोर्ट मी सर्वांत आधी डॉक्टरांच्या हातात दिला. तो वाचून त्यांनी तिची खाट बाजूच्या खोलीत लावायला सांगितली, आणि पहिला डोस देण्याआधी कफाचा नमुना घेतला.