फ्लॉरेन्सच्या टोकाला कोल्हापूरची छत्री

फ्लॉरेन्सला पुन्हा जायचं ठरलं तेव्हाच मी आईला सांगून टाकलं होतं, की मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायचा असेल तर रांगेत तू एकटी उभी राहायचंस. मागच्या खेपेला मी टूर कंपनीबरोबर आले होते. छत्री उंच धरून पळणारा गाईड, कॅथिड्रलसमोर ग्रुप फोटो, पोन्ते वेक्क्यो पुलावर सोनारांच्या दुकानांपुढे खांद्याला खांदा घासत उभं राहणं, आणि मग "आता मोकळा वेळ". तो सगळा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. घुमटाच्या ४६३ पायऱ्या तर लांबूनच पाहिल्या.

त्या बसमध्ये निम्मी मंडळी कोल्हापूर-सांगलीकडची होती. चिवड्याच्या पिशव्या इकडून तिकडे फिरत होत्या. टूर मॅनेजरने लेदरच्या पर्सेस कुठे स्वस्त मिळतात ते दोनदा सांगितलं. पण कोल्हापूरचे एक छत्रपती याच गावात गेले, इथल्याच नदीकाठी त्यांना अग्नी दिला आणि तिथे त्यांचं स्मारक आहे, हे त्याने सांगितलं नाही. मला ते घरी आल्यावर कळलं, तेही आईकडून. ती राजाराम कॉलेजची बी.ए. "आमच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ना, ते तिकडंच वारले की. तू गेली नाहीस व्हय तिथं?" तो राग अजून उतरलेला नाही.

यंदा म्युनिकला भावाकडे आलो होतो, तिथून आम्ही दोघी रेल्वेने खाली उतरलो. वाटेत व्हेरोना झालं. गरम होतं.

पहिल्या दिवशी सान्त' अपोलोनियाला गेलो. कुंपणापलीकडे सहसा न जाणाऱ्या नन्सचा हा मठ. त्यांच्या जेवणघराच्या भिंतीवर आन्द्रेआ देल कास्तान्यो याने पंधराव्या शतकात ख्रिस्ताचं शेवटचं भोजन रंगवलं. बाहेरच्यांचं पाऊल तिथे पडत नसल्यामुळे एकोणिसाव्या शतकात मठ बंद होईपर्यंत या चित्राची जगाला फारशी खबरच नव्हती. खोलीत आम्ही दोघी आणि खुर्चीवर पेंगणारी रक्षक बाई, बस. ना रांग, ना ढकलाढकली. सगळे शिष्य टेबलाच्या पलीकडे बसलेत, ख्रिस्ताला दगा देणारा जूडास तेवढा अलीकडे, आपल्याकडे कूस करून एकटा. त्याच्या डोक्यावरच्या संगमरवराच्या शिरा अशा पेटलेल्या, की भिंतीत वीज शिरल्यागत वाटतं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जेवायला बसवलंय, पण पंगतीबाहेर." एवढं नेमकं मला कुठल्या ऑडिओ गाईडनेही सांगितलं नव्हतं.

जेवणाचं मात्र विचारू नका. टस्कनीतल्या पावात मीठ घालत नाहीत, ही तिथली जुनी रीत आहे. आईला वाटलं आचारी विसरला. तिने पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली आणि रिबोलिता नावाच्या त्यांच्या शिळ्या पावाच्या नि पालेभाजीच्या सूपवर भुरभुरवली. वेटर पाहत राहिला. बिलात टेबलावर बसल्याचे माणशी पैसे वेगळे लावले होते. त्यावरून आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुपारी ओन्यिस्सान्ती चौकात गेलो. तिथल्या चर्चमध्ये बोत्तिचेल्ली या चित्रकाराला पुरलंय, शेजारच्या जेवणघरात गिरलांदाइओ या दुसऱ्या चित्रकाराने १४८० साली रंगवलेलं आणखी एक शेवटचं भोजन आहे. पण आम्ही आलो होतो चौकातल्या एका जुन्या हॉटेलासाठी. इथेच, ३० नोव्हेंबर १८७० ला, दुसरे राजाराम महाराज गेले. वय वीस. लंडनला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटून परत निघाले होते, वाटेत आजारी पडले. त्यांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ साली लंडनला छापली गेली. महाराज गेले तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. हॉटेलच्या दारातल्या टोपीवाल्या माणसाने आम्हाला अदबीने नमस्कार केला. आत जायचं धाडस आम्हाला झालं नाही. एका कॉफीला तिथे किती पडतील, हे आईने मनातल्या मनात मोजलं असणार.

दुसरा दिवस मंगळवार. मंगळवारी कास्चिने बागेत आठवडी बाजार भरतो, म्हणून ट्राममध्ये चाकांच्या पिशव्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांची ही गर्दी. आईला ही माणसं एकदम पटली. बाजारात तिने एका स्कार्फवरून हाताच्या बोटांनी घासाघीस केली आणि जिंकली. भाषेवाचून कुणाचं अडत नाही, विशेषतः कोल्हापूरच्या बायकांचं.

ही बाग एकेकाळी फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची जहागीर होती. आर्नो नदीच्या कडेने साडेतीन किलोमीटर लांब पट्टा. ट्रामचा थांबा एका टोकाला आणि आम्हाला जायचं ते नेमकं दुसऱ्या टोकाला. "रिक्षा नाही मिळायची व्हय?" आईने विचारलं. नाही. मग चालणं. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान मागे पडलं, मग हवाई दलाच्या शाळेची इमारत. धावणारी मंडळी, कुत्री, बाबागाड्या. पुढे पुढे माणसं विरळ झाली. आईचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून दर बाकावर बसत बसत निघालो. मी तीनदा म्हटलं, परत फिरू. "एवढं आलोय तर दर्शन न घेता परत फिरतो व्हय मी?"

तिने दर्शन शब्द वापरला. मी गप्प बसले.

झाडं संपतात तिथे मुन्योने नावाचा छोटा प्रवाह आर्नोला मिळतो. इथेच चिता रचली होती. दहनाला संगम हवा, असं महाराजांच्या माणसांनी सांगितलं असणार. पण तेव्हा इटलीत माणसं जाळत नसत. तिथलं पहिलं दहनगृह मिलानला १८७६ साली झालं, म्हणजे यानंतर सहा वर्षांनी. तरी नगरपालिकेने परवानगी दिली, आणि रात्री बघायला गावातली माणसं जमली. थंडीतली परक्या मुलखातली रात्र, भोवती कुतूहलाने बघणारे अनोळखी चेहरे आणि मध्ये विसाव्या वर्षी गेलेला राजा. त्यांच्याबरोबर आलेल्या कोल्हापूरच्या माणसांना त्या रात्री काय वाटलं असेल, हा विचार मला तिथून निघाल्यावरही सोडेना.

स्मारक १८७४ मधलं. कुंपणाच्या आत चार खांबांवर छत्री, कमानी, वर घुमट, आणि मधोमध महाराजांचा अर्धपुतळा. डोक्याला पगडी, गळ्यात माळा, पुतळा रंगवलेला. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. हे नाव वाचून आई थबकली. मँट म्हणजे कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. "म्हणून ओळखीचं वाटायलंय!" आईने कुंपणाला दोन्ही हातांनी धरून पुतळ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. आमच्या डोळ्यांपुढे फोटोतले शाहू महाराज असतात, धिप्पाड, मिशीवाले. हे त्यांचे दत्तक घराण्यातले आजोबा, पण चेहरा कॉलेजातल्या पोराचा.

"लेकरू आहे की गं," आई म्हणाली.

मग चपला काढल्या. मी काही बोलायच्या आत बाजारातल्या पिशवीतून दोन जर्दाळू काढून कुंपणाच्या आत कट्ट्यावर ठेवले. एक सायकलवाला आमच्याकडे बघत सावकाश गेला. मला आधी लाज वाटली, नंतर लाजेची लाज वाटली, मग मीही चपला काढल्या.

नदीकडे वळून आई म्हणाली, "प्रयाग चिखलीसारखंच आहे हे." तिथे चार नद्या मिळून पंचगंगा होते, आणि इथे ओढ्याएवढा मुन्योने. पण तिचं बरोबर होतं. पाणी पाण्यात शिरतं ती जागा सगळीकडे तशीच दिसते.

डोक्यावरून गाड्या भणभणत होत्या. शेजारीच १९७८ साली झालेला तारांवर तोललेला मोठा पूल आहे, त्याला महाराजांवरूनच पोन्ते आल्लिंदियानो, म्हणजे 'इंदियानो'पाशी (भारतीयापाशी) असलेला पूल, म्हणतात. पुलाच्या पोटाखालून पायी जायला लटकती वाट आहे. मी म्हटलं, चल, वरून संगम बघू. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे विचारलं नाही.

आता तक्रार. स्मारकापाशी स्वच्छतागृह सापडलं नाही. सावली भरपूर आहे, पण पाणी बरोबर न्या. आणि म्हाताऱ्या माणसाला सोबत नेत असाल तर परतीची सोय आधी बघा. फ्लॉरेन्समध्ये रस्त्यावर हात केला की टॅक्सी सहसा थांबत नाही, स्टँडवर गाठावी किंवा फोन करून बोलवावी लागते. मी फोनवर "इंदियानो, इंदियानो" एवढंच म्हणत राहिले आणि ड्रायव्हर बरोबर पोचला. आई म्हणाली, "बघ, महाराजांच्या नावानं गाडी आली."

टॅक्सीत बसल्या बसल्या तिने कॉलेजच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. पहिली विचारते, "पन्हाळ्याला कधी गेलीस?" दुसरी, "स्कार्फ छान आहे, किती पडला?" तिसरीने नुसते हात जोडले. आई उत्तरं टाइप करत राहिली, एका बोटाने, प्रत्येकीला वेगळं, हॉटेल येईपर्यंत.