जामीन झाला होता

माझ्या वहीत प्रत्येक बंद्यासाठी अर्धं पान असतं. नाव, वडिलांचं नाव, गाव, पोलीस ठाणं, खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख, घरचा फोन असेल तर तो. कारागृहात मोबाइल नेता येत नाही, म्हणून आत सगळं हातानं लिहून घ्यायचं आणि घरी आल्यावर ई-कोर्ट्सच्या ॲपवर एकेक क्रमांक टाकून बघायचा. वसईच्या आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून, आम्ही पाचजणी आणि एक फादर हे काम करतो. दर गुरुवारी जातो. कुठलं कारागृह आणि कुठलं न्यायालय, ते मी इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांशी मला पुढच्या गुरुवारीही बोलायचं आहे.

२०२४ च्या जुलैतला पहिला गुरुवार होता. रात्री जेवणं उरकली, भांडी घासून झाली, बाहेर केळीच्या पानांवर पाऊस वाजत होता आणि मी वही उघडून बसले. दहा नावं झाली. अकरावा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा वारली मुलगा, वय तेवीस. इमारतीच्या साइटवर बिगारी होता, तिथल्या लोखंडी सळ्या चोरल्याचा आरोप. मे २०२३ पासून आत. जामिनाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "नाही झाला, ताई." मी तसंच लिहिलं होतं.

ॲपवर १८ ऑगस्ट २०२३ ची नोंद होती. जामीन अर्ज मंजूर. पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे त्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

मी क्रमांक पुन्हा टाकला. वडिलांचं नाव जुळवलं, पोलीस ठाणं जुळवलं. तोच होता. न्यायालयानं त्याला सोडायला सांगून अकरा महिने होत आले होते आणि त्या दुपारी तो माझ्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, की पाड्यावर भाताची आवणी सुरू झाली असेल का.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अशा वेळी पहिला राग कुणावर तरी काढावासा वाटतो. पण नीट बघितलं तर त्या साखळीतला प्रत्येकजण आपापलं थोडंसं काम करून मोकळा झाला होता. मोफत विधी सेवेच्या वकिलानं अर्ज केला, तो मंजूर झाला, मग त्या वकिलाची जागा दुसऱ्यानं घेतली. मुलाला न्यायालयात नेलंच नव्हतं, पडद्यावरूनच हजर केलं होतं, आणि आवाज धड ऐकू येत नव्हता. तारीख पडली एवढंच त्याला कळलं. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय, की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाला ई-मेलनं जावी, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयानं स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. नियम चांगला आहे. या मुलापर्यंत तो पोचला नाही.

पुढच्या गुरुवारी त्याला सांगितलं. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग मी इथं कसा?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

भावाला शोधायला चार दिवस लागले. घरचा फोन नव्हता. मुलानं पाड्याजवळच्या आश्रमशाळेचं नाव सांगितलं होतं. तिथल्या गुरुजींना फोन लागला आणि त्यांनी स्वतः चालत जाऊन निरोप दिला. मंगळवारी, २३ जुलैला, सकाळी साडेदहाला भाऊ न्यायालयाच्या आवारात उभा होता. आवणी अर्धी टाकून आदल्या दुपारी घरून निघालेला, जव्हार, विक्रमगड, मनोर करत गाड्या बदलत आलेला, अंगावरचे कपडे ओले. प्लास्टिकच्या पिशवीत त्यानं जिवापाड जपून सातबारा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड आणलं होतं. सामायिक खात्यात सात नावं होती आणि वाट्याला येणारी जमीन गुंठ्यांत मोजावी एवढीच. पण जमीन होती.

खिडकीवरच्या बाबूंनी कागद उलटसुलट करून परत दिले. "जिल्ह्याबाहेरचा जामीनदार चालत नाही. इथला आणा. ऐपतीचा दाखला लागेल." ते वाईट बोलले नाहीत. दिवसातून पन्नास वेळा म्हणायचं वाक्य त्यांनी एक्कावन्नाव्यांदा म्हटलं.

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, इथं माझं कोण हाये?"

आमच्यासोबत एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांच्या पिशवीत एका जुन्या निकालाची प्रत होती: मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. हा मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला, खालच्या न्यायालयानं दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून आपल्याच देशाच्या नागरिकाला जामीनदार नाकारता येत नाही हे खणखणीत लिहून ठेवलं. वकीलबाईंनी तो निकाल वाचून दाखवला तेव्हा भावानं एवढंच विचारलं, "तो गवंडी सुटला ना?" सुटला, म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा तो गवंडी त्या व्हरांड्यात त्याला एकदम ओळखीचा वाटला असावा.

आमचा पुकारा व्हायला दुपारचे पावणेतीन झाले. तोवर आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसून होतो. त्या वेळात माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगते, कारण धर्मग्रामात मला त्याबद्दल हमखास विचारतात. रविवारी मिस्सा संपली की कुणी ना कुणी थांबवून म्हणतं, "बाई, चोरांना कशाला सोडवता? जीवनाचा कैवार घ्यायचा तर न जन्मलेल्या बाळांचा घ्या." माणसं चांगली आहेत. आमच्या कामाला पैसेही तीच देतात. बाळांविषयी ती म्हणतात ते मलाही मनापासून मान्य आहे. पण ज्या वचनावर आपण उभे आहोत ते पुरतं वाचावं एवढंच माझं म्हणणं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली जीवनाविरुद्धच्या आणि माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्धच्या अपराधांची यादी केली. त्यात खून आहे, गर्भपात आहे, दयामरण आहे, आणि त्याच यादीत मनमानी तुरुंगवास आहे, गुलामी आहे, माणसाला निव्वळ नफ्याचं हत्यार करणारी कामाची लाजिरवाणी स्थिती आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जीवनाविषयीचं परिपत्रक लिहिलं तेव्हा सुरुवातीलाच ही यादी जशीच्या तशी उतरवली. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही असं लिहिलं. गर्भातल्या जिवापासून फासाच्या दोरापर्यंत हा एकच धागा आहे. मधलाच तुकडा कापून आपल्या सोयीचा तेवढा ठेवता येत नाही.

आणि तो मुलगा चोर आहे की नाही हे अजून कुणीच ठरवलेलं नाही. खटला उभाच राहिलेला नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे चारांतली तीन. मी हा आकडा सभांमध्ये सांगते तेव्हा लोक हळहळतात. शेजारी बसलेल्या भावाच्या ओल्या चपला बघताना मात्र मला आकडा आठवत नव्हता. मे ते जुलै, चौदा महिने, हेच मनात फिरत होतं. या आरोपाला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. गुन्हा शाबीत होण्याआधीच त्यातली जवळजवळ दोन पंचमांश भोगून झाली होती, आणि त्यातले अकरा महिने न्यायालयानं 'जा' म्हटल्यानंतरचे.

न्यायाधीश तरुण होत्या. वकीलबाईंनी अर्ज दिला, निकालाची प्रत पुढे केली. न्यायाधीशबाईंनी आधी आपलाच ऑगस्टमधला आदेश काढायला सांगितला, वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा अजून आत आहे?" सरकारी वकिलांनी कागद चाळले. क्षणभर कुणी बोललं नाही. मग न्यायाधीशबाईंनी जामीनदाराची अट काढली, मुचलका पाच हजारांचा केला आणि तीन हजार रोख भरायला सांगितले. भावाला समोर बोलावून विचारलं, "तारखेला आणशील त्याला?" तो म्हणाला, "आणीन बाई, चालत आणीन."

तीन हजार आमच्याकडे होते. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळात आमच्या घरोघरी पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या वाटतात. चाळीस दिवस चहातली, मासळीतली, कुठली तरी बचत मुलं त्यात टाकतात. ते पैसे होते.

यानंतरचे दोन तास नुसती धावपळ. आदेश टंकून सहीला जायचा, मग न्यायालयाची रोख सांभाळणाऱ्या नाझरांकडे पैसे भरायचे, पावती घ्यायची, पावती दाखवून सुटकेचा आदेश तयार करून घ्यायचा, त्यावर शिक्का. रोख भरायची वेळ संपत आली होती. नाझर कपाटाला कुलूप लावून उठले होते. भावानं त्यांना हात जोडले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, परत बसले आणि पावतीपुस्तक काढलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी नियमात बसलं असतं, आणि मुलगा आणखी एक रात्र आत राहिला असता.

कारागृहाच्या दारावर जामिनाचे आदेश टाकायची पेटी असते. ती ठरलेल्या वेळी उघडतात. शेवटची वेळ हुकली की उद्या. आम्ही रिक्षानं पोचलो तेव्हा पेटी उघडायला सात-आठ मिनिटं बाकी होती. कागद आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मी तिथेच कट्ट्यावर बसले. पाय थरथरत होते. भाऊ उभाच होता.

आमच्या कामाचा संरक्षक संत मॅक्सिमिलियन कोल्बे. ऑशविट्झच्या छावणीत १९४१ साली, उपासमारीनं मारण्यासाठी निवडलेल्या एका बायकामुलांच्या माणसाच्या जागी हा धर्मगुरू स्वतः पुढे झाला. तो माणूस जगला, आणि १९८२ साली कोल्बेंना संतपद दिलं तेव्हा रोममध्ये हजर होता. कुणाच्या तरी जागी उभं राहणं म्हणजे जामीनच की. आम्ही कुणाच्या जागी आत जात नाही. आम्ही फक्त कागद पोचवतो. पण पोप फ्रान्सिस कारागृहात पाऊल टाकताना दर वेळी स्वतःला विचारत, हे लोक आत का आणि मी बाहेर का? तो प्रश्न त्या कट्ट्यावर बसलं की मलाही पडतो. माझ्या मुलानं तरुणपणी एकदा मोटारसायकलनं एका माणसाला धडक दिली होती. त्याच संध्याकाळी आमच्याकडे वकील होता, दोन जामीनदार होते आणि वाडीचा सातबारा होता. माझा मुलगा रात्री घरी जेवला.

साडेसातला छोटा दरवाजा उघडला. चारजण बाहेर आले, हा शेवटी. हातात कापडी पिशवी. भाऊ पुढे झाला, पण मुलगा दारापासून दहा पावलांवर येऊन भिंतीला लागून उकिडवा बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, डावीकडे एका माणसाची जागा सोडून. आत मोजणीला जोडीजोडीनं असंच बसवतात. कुणीतरी मोजून जाईल म्हणून तो थांबला होता. भाऊ काही न बोलता त्या मोकळ्या जागी जाऊन बसला. दोघं तसेच बसून राहिले, रस्त्यावरून बस, रिक्षा, कामावरून परतणारी माणसं जात होती. मी हाक मारली नाही.

मग भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते उठले.

माझ्या पिशवीत सुकेळी होती, आमच्या वाडीतली. ती दिली, चहा झाला. त्यानं केळं हातात धरलं आणि "खाऊ?" असं विचारलं. आईबद्दल विचारलं, बैल विकला का ते विचारलं. आवणी अर्धी राहिली आहे म्हटल्यावर म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत पोचू ना? मग शेतात जाता येईल." रात्री फादरांनी त्यांची झोपायची सोय केली.

निघताना त्यानं एकच गोष्ट मागितली. "ताई, तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्या." खटला संपलेला नव्हता. मी वहीचं पान फाडून दोन चिठ्ठ्या केल्या, २१ ऑगस्ट, न्यायालयाचा मजला, खोली, माझा फोन. एक त्याच्या खिशात, एक भावाच्या.

२१ ऑगस्टला मी सव्वादहाला पोचले. दोघं पायरीवर बसलेले होते, चिठ्ठी हातात. रात्रीच येऊन एस.टी. स्टँडवर झोपले होते, पावसानं घाट बंद झाला तर उशीर होईल म्हणून. अकरा वाजता कळलं, न्यायाधीश रजेवर आहेत. शिपायानं पुढची तारीख सांगितली. त्यानं चिठ्ठी उलटी केली आणि माझ्यापुढे धरली, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला.