चवीपुरतं मीठ

मे महिन्यात दुपारी तीन वाजता पुण्यात घराबाहेर पडणारा माणूस एकतर पोस्टमन असतो, नाहीतर त्याच्याकडे भाचा राहायला आलेला असतो. माझ्याकडे भाचा आला होता. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल मनात अपार करुणा. "मावशी, एका ठिकाणी आपल्याला हवा तो फ्लेवर समोर बनवून देतात," तो म्हणाला. मी म्हटलं, तो तर मीही देते, फ्रीजरमध्ये जागा असली तर. पण रिक्षा आधीच दाराशी आली होती.

दुकान म्हणजे निम्मं दुकान आणि निम्मी प्रयोगशाळा. काचेमागे स्टीलचे मिक्सर, एक भलंथोरलं सिलिंडर, आणि मिक्सरच्या कडांवरून खाली ओघळणारा पांढरा धूर. तो द्रवरूप नायट्रोजन, भाच्याने माहिती पुरवली, उणे 196 अंश. आइस्क्रीम दोन मिनिटांत गोठतं, त्यामुळे बर्फाचे मोठे कण बनायला वेळच मिळत नाही आणि ते लोण्यासारखं मऊ होतं. धूर पूर्ण निवेपर्यंत कप हातात देत नाहीत, ही माहिती काउंटरवरच्या मुलाने पुरवली. मराठी नाटकात देव प्रकट होताना असाच धूर सोडत. इथे कप प्रकट होत होते.

भिंतीवर लिहिलं होतं: तुमचा फ्लेवर तुम्हीच ठरवा. आधी बेस निवडायचा, मग चव, मग त्यात काय काय टाकायचं ते. आमच्या पुढच्या बाईंनी वडिलांसाठी विड्याचं पान, गुलकंद आणि "अगदी थोडी सुपारी" सांगितली. वडील शेजारीच उभे होते आणि सुपारी वाढवा म्हणून खुणा करत होते. भाच्याने फिल्टर कॉफीत बाकरवडी मागितली. मला वाटलं, मुलगा हसेल. त्याने टॅब्लेटवर बोट धरून विचारलं, "चुरून की अख्खी?" पुण्यात बाकरवडी नसेल तर दुकानाला परवानाच मिळत नसावा.

तसं सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला आइस्क्रीममध्ये काहीही टाकण्याचं अप्रूप नसतं. आमच्या तिकडे 'कॉकटेल' म्हणून उंच ग्लास मिळतो. त्यात फळं, जेली, सुकामेवा, दोन-तीन रंगांचं आइस्क्रीम, आणि चमचा घालायला जागा शोधावी लागते. पण तिथेही काय टाकायचं ते दुकानदार ठरवतो. आपण फक्त 'एक कॉकटेल' म्हणायचं. या एका वाक्यात केवढी सोय आहे!

"आणि मॅडम, तुमचा?"

मला हेच जमत नाही. हॉटेलात मी मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या जीएसटी नंबरापर्यंत वाचते आणि मसाला डोसा मागवते. साडीच्या दुकानात तर नको होऊन मी दुकानदाराच्या आवडीची साडी घेते. आता समोरचा मुलगा थांबला होता, मागे रांग थांबली होती, धूर तेवढा ओघळत होता.

आमच्या लहानपणी आइस्क्रीमची चव बाजार ठरवायचा. पायरी उतरली की आंबा. त्याआधी किंवा नंतर असेल तर 'साधं'. साधं म्हणजे व्हॅनिला, पण तो शब्द फक्त कस्टर्ड पावडरच्या डब्यावर असे, तोंडात कुणाच्या नसे. तिसरा पर्याय नव्हता. तरी आइस्क्रीमच्या दिवशी घरात भांडणं व्हायची. ती चवीवरून नव्हे, तर हँडल कोण फिरवणार आणि डब्यातलं दूध घुसळणारा पंखा कोण चाटणार यावरून.

पॉट भाड्याने मिळायचा. आळीच्या टोकाला लग्नकार्याची पातेली, घंगाळी, सतरंज्या भाड्याने देणारं दुकान होतं, त्यांच्याकडे दोन पॉट होते. मे महिन्यात त्यांना नंबर लागे. दूध आदल्या रात्रीच आटवून ठेवलेलं असायचं. सकाळी आई-काकू पायऱ्या पिळायच्या आणि आम्ही बाठे चोखत अंगणात रांगेने बसायचो. बर्फ आणायचा तो काका, माझा धाकटा काका. सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेली पाव लादी बांधून तो भर उन्हात यायचा, आणि कारखान्यापासून आमच्या दारापर्यंत रस्त्यावर पाण्याची रेघ उमटलेली असायची. माग काढत कुणीही आमच्या घरी जेवायला येऊ शकलं असतं. काही जण यायचेही.

मग गोणपाट तसंच ठेवून वर बत्त्याचे घाव. लाकडी बादलीत मधोमध दुधाचा डबा, त्याच्या भोवती बर्फाचा थर, खडेमिठाचा थर, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. आजी हे बघायला बाहेर येत नसे. मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं, असं तिने आम्हाला सांगून ठेवलं होतं, आणि इथे तर तिचा मुलगा किलोकिलोने मीठ ओतत होता आणि शेवटी ते सगळं मोरीत जाणार होतं. एवढं मीठ वेचायचं तर काकाला किती जन्म पापण्या लागणार, याचा हिशोब मी बरेच दिवस करत असे.

मीठ कशाला, हे मला काकानेच सांगितलं होतं. मिठाने बर्फ वितळतो, पण वितळताना तो आणखी गार होतो. मला हे पटेना. वितळणारी गोष्ट गरम होत जाते, हे मेणबत्तीपासून तुपापर्यंत सगळीकडे मी बघितलं होतं. काका म्हणाला, वितळायला ऊब लागते, ती बर्फ शेजारच्या दुधाकडून ओढून घेतो. दूध बिचारं थिजतं. मीठ आणि बर्फ नीट जमले तर ते पाणी शून्याच्या खाली वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतं, हे मला पुढे शाळेत कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की दुधाला फसवलं जातंय.

हँडल सुरुवातीला हलकं फिरतं, म्हणून आधी लहान मुलं. मग हळूहळू जड होत जातं, मग मोठी मुलं, मग काका. आणि जड झालं की बादली फिरायला लागते, म्हणून तिच्यावर गोणपाटाची घडी टाकून एका पोराला बसवावं लागतं. मी अंगाने चांगली भरलेली होते, त्यामुळे हे पद माझ्याकडे कायमचं होतं. खालून गार, वरून ऊन, आणि काका जोर लावेल तसतसं आपण डुगडुगतोय. त्यापेक्षा वरचढ वाहन मला अजून भेटलेलं नाही.

आजीचा आइस्क्रीमला विरोध मिठाहूनही घशासाठी जास्त होता. 'घसा धरेल' हे वाक्य ती पहिला चमचा तोंडात जायच्या आत म्हणायची. तिला माहीत नव्हतं, पण तिच्या बाजूने जुनी साक्ष आहे. 1834 च्या सुमारास बॉस्टनहून जहाजाने आलेला बर्फ मुंबईत उतरू लागला आणि सर जमशेटजी जीजीभाईंनी आपल्याकडच्या जेवणात आइस्क्रीम वाढलं, तेव्हा यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याचं 'मुंबई समाचार'ने छापलं होतं म्हणतात. अर्धी पृथ्वी ओलांडून बर्फ येतो आणि बातमी होते ती सर्दीची! आजीनेही नेमकी तीच बातमी छापली असती. तिचा उपाय ठरलेला असे: आइस्क्रीम झालं की लगेच सगळ्यांनी मोरीवर रांगेत उभं राहून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या. एवढ्या कष्टाची चव घशातून अशी खरवडून काढली जायची.

तर 1983 चा मे. वर्ल्ड कप जिंकायला अजून महिना होता आणि तो आपण जिंकू असं आमच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं, काका सोडून. काकाला त्या वर्षी नोकरी नव्हती. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती, मुलाखतींची पत्रं येत आणि पुढे काही होत नसे. नोकरी नसलेला तरुण मुलगा घरात असला की नळ गळण्यापासून वीज जाण्यापर्यंत सगळं त्याच्यावर शेकतं, तसं शेकत होतं.

पॉटच्या बादलीला एक भोक असतं, झाकणाच्या खाली चारेक बोटांवर. बर्फ वितळून खारं पाणी वर चढायला लागलं की ते तिथून बाहेर पडतं, नाहीतर झाकणाच्या फटीतून आत शिरेल. मी वर बसलेली, पाय खाली सोडलेले. त्या भोकातून गार पाण्याची बारीक धार माझ्या टाचेवर पडत होती. मेच्या दुपारी, चाळीस अंशांत, टाचेवर. मी टाच जरा मागे घेतली आणि भोकावरच टेकवली. आहाहा. मग तशीच ठेवली. काका घामाने निथळत हँडल मारत होता, ट्रान्झिस्टरवर काहीतरी लागलं होतं, आणि माझी टाच बधिर होत चालली होती, जसं काही ती माझी नव्हेच.

झाकण उघडलं. पंख्याचा पहिला मान चुलतभावाचा होता. त्याने चाटलं आणि त्याचं तोंड असं झालं की आम्हाला वाटलं, घसा आत्ताच धरला. मग आजोबांनी चमचाभर घेतलं, वाटी खाली ठेवली आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चोवीस वर्षांचा झालास, साधा पॉट भरता येत नाही. कोण ठेवणार तुला कामावर?"

कुणी काही बोललं नाही. पिळलेल्या दोन डझन पायऱ्या, आटवलेलं चार लिटर दूध. काकूने पदर तोंडाला लावला. त्या शांततेत आजी बाहेर आली, तिने बोटाने चाखलं आणि म्हणाली, "बरं झालं. गुळण्या आतच झाल्या."

सगळे एकदम हसले. आजोबाही. मग प्रत्येकाने थोडं थोडं घेतलंच, कारण आमच्या घरात टाकायची पद्धत नव्हती. काकाने दोनदा घेतलं. "मला तर काही खारट लागत नाही," असं म्हणत तो माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. मी गोणपाटावरून उतरून तिथे बसले होते. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. टाच पांढरीफटक पडून सुरकुतली होती आणि तिच्या कडेने मिठाचं गोल वळं वाळलं होतं, कपाचं बशीवर उमटतं तसं. त्याने आपल्या पंच्याच्या टोकाने ते पुसलं आणि पुन्हा वाटीत चमचा घातला. एवढंच. पुढे त्याला नोकरी लागली, बदलीच्या गावी तो गेला, लग्न झालं, दोन मुलं झाली. या विषयावर तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मीही नाही.

मात्र घरात ती गोष्ट झाली. 'काकाचं मिठाचं आइस्क्रीम'. लग्नात, मुंजीत, गणपतीत, जिथे चारजण जमतील तिथे कुणीतरी ती काढायचंच. प्रत्येक वेळी मिठाचा आकडा वाढत गेला. काका हसायचा, सगळ्यांत जास्त हसायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर मोठ्या आत्याने तीच गोष्ट सांगितली आणि रडून रडून थकलेली माणसं पोट धरून हसली. मीही हसले. तेव्हा सांगता आलं असतं. ताट उचलायचं निमित्त करून मी आत गेले.

"मॅडम?"

"आंबा," मी म्हटलं. "आणि मीठ."

"सॉल्टेड कॅरॅमल आहे ना मॅडम, ते मँगोबरोबर—"

"कॅरॅमल नको. नुसतं मीठ. आपलं साधं."

त्याने बाकरवडीला विचारला नव्हता असा प्रश्न मला विचारला. "नक्की?" मग टॅब्लेटवर खाली खाली बोट सरकवून त्याला कुठेतरी मीठ सापडलं. "किती?"

"चवीपुरतं."

"ते ग्रॅममध्ये टाकावं लागतं."

आता बादलीत किती शिरलं होतं ते कुणी मोजलं होतं? भाचा इतका वेळ मोबाइलमध्ये होता, त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं मावशी, म्हणजे ते काकाआजोबांचं मिठाचं आइस्क्रीम? आई सांगते ती गोष्ट! त्यांनी पाच किलो मीठ ओतलं होतं ना?"

मुलगा थांबला होता. मागची रांगही थांबली होती.

"हो, तेच," मी म्हटलं. "दोन ग्रॅम टाका हो."

धूर निवला, कप हातात आला. चांगलं लागलं. अर्ध्याहून जास्त भाच्यानेच खाल्लं. बाकरवडी काही त्याला जमली नाही.