पुरात बुडालेलं ऑइल इंजिन: हँडल मारण्याआधी

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली आणि काठावरची इंजिनघरं छपरासकट पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं की मालक आधी काय करतो? हँडल लावतो आणि चाक फिरतंय का बघतो. जुन्या इंजिनाचं खरं नुकसान बहुतेक वेळा त्या एका झटक्यात होतं.

सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. दोन जड चाकांचा वेग मागून येतो, पिस्टन वर जातो, पाण्याला जायला वाट नसते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अगदी केसभर वाकला तरी पुरे. इंजिन सुरूही होतं, पण पिस्टन तिरका चालतो, लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, एका बाजूनं खातो आणि पुढच्या हंगामात मालक म्हणतो, रिंगा खराब निघाल्या.

इथं लिहितोय ते जुन्या मंद गतीच्या, एक सिलिंडरच्या, आडव्या शाफ्टला दोन बाजूंना दोन मोठी चाकं असलेल्या इंजिनांबद्दल. या घराण्यातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं १९३० च्या सुमारास आलेलं सीएस: ६ हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेऱ्या, साडेचार इंचाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), साडेपाच इंचाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव). राजकोटनं त्याच्या नकला केल्या, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातही ऑइल इंजिनं घडली. नदीवरचा पंप आणि गुऱ्हाळाचा चरक, दोन्ही याच जातीच्या इंजिनांनी वर्षानुवर्षं ओढले.

पाणी ओसरल्यावरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे. गाळ ओला आहे तोवर तो धुऊन निघतो. एकदा सुकला की सिमेंटसारखा बसतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्यानंच धुवायचं, हे लोकांना पटत नाही, पण डिझेल ओल्या मातीला हलवत नाही. क्रम असा: चाकाला ओंडका लावून ते हलू न देता नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) काढा, एअर क्लीनर आणि सायलेन्सर काढा, तळाचा ड्रेन प्लग उघडा. आधी पाणी येईल, मग तेल. क्रँककेसचं, म्हणजे शाफ्टभोवतीच्या खालच्या पेटीचं, दार उघडून आत साध्या पाण्याचा पाइप सोडा, ड्रेनमधून गढूळ यायचं थांबेपर्यंत. आता नोझलच्या भोकावर तोंड न आणता चाक हातानं सावकाश एक फेरी फिरवा. सिलिंडरमधलं पाणी तिथून उडेल. मग लगेच सगळीकडे डिझेल, नोझलच्या भोकातून साधारण अर्धा लिटर इंजिन ऑइल, आणि आणखी दोन फेऱ्या. एवढं केलं की घाई संपली. बाकीचं दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालतं.

ज्या इंजिनाला हे नशीब मिळालं नाही, त्याचा पिस्टन गंजून घट्ट बसलेला असतो. अशा वेळी चाकाच्या आऱ्यांना पहार घालून जोर करणं हा सगळ्यात महागडा उपाय. आरे बिडाचे आहेत. बीड वाकत नाही, तडकतं. चाकाचा घेर धरून मागे-पुढे, मागे-पुढे, एवढंच. नाहीच हललं तर हेड उतरवा. हेडचे नट एकदम एकेक पूर्ण सोडू नका, तिरपे-तिरपे पाव फेरीनं सैल करा. जुन्या इंग्लिश इंजिनावर व्हिटवर्थ आटे असतात. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेऱ्या जातो आणि मग घट्ट होतो, तिथं पान्याला पाइप लावला की स्टड गेला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत बोल्ट घ्यायला जाताना जुना नट सोबत न्या.

पिस्टनवर डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल अर्धं-अर्धं ओतून आठवडाभर ठेवा, रोज पातळी बघा. खाली उतरत असेल तर रिंगांपाशी वाट मिळाली. मग ११० मिमी व्यासाचा बाभळीचा ओंडका पिस्टनवर ठेवून, हेडच्या स्टडांवर आडवी जाड पट्टी बांधून, मध्ये हायड्रॉलिक जॅक लावा आणि दाब देऊन तसंच राहू द्या. दाब द्यायचा, तासभर थांबायचं, परत थोडा. घणानं ठोकलं तर पिस्टनचा माथा फुटतो. ज्या नमुन्यात सिलिंडर क्रँककेसपासून सुटा होतो तिथं सोपं: दारातून बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं शाफ्टकडचं टोक, सोडवा आणि सिलिंडर पिस्टनसकट वर काढून लेथवाल्याकडच्या प्रेसवर न्या.

खोलता खोलता मोजून ठेवायचं, आणि इथं आपल्याकडे फार ढिलाई आहे. हेडच्या गॅस्केटची जाडी, सिलिंडरखालच्या पॅकिंगचे कागद किती, बिग एंडच्या दोन्ही बाजूंच्या शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) किती. पिस्टन मोकळा असेल तर हेड काढण्यापूर्वी नोझलच्या भोकातून शिशाची तार पिस्टनवर सोडून चाक पिस्टनच्या वरच्या टोकापलीकडे हातानं न्या आणि चपटलेली तार मायक्रोमीटरनं मोजा. तार फक्त अग्निकक्षात जात असेल, पिस्टनपर्यंत पोचत नसेल, तर हेड उतरवून पिस्टनवर तार चिकटवा आणि जुन्याच गॅस्केटवर हेड परत बसवून मोजा. पुस्तक हाती नसलं की पिस्टन आणि हेडमधल्या अंतराचा हाच एक पुरावा उरतो. पॅकिंगचा एक कागद कमी-जास्त झाला की कॉम्प्रेशन बदलतं, आणि मग थंडीत इंजिन का उचलत नाही ते कुणालाच सांगता येत नाही.

बोअर वरच्या रिंगेच्या टोकाशी मोजा, शाफ्टच्या दिशेनं आणि त्याला काटकोनात. काटकोनातल्या दिशेला झीज जास्त असणारच. फरक पाव मिमीच्या पुढं गेला असेल तर नुसत्या रिंगा बदलण्यात अर्थ नाही, बोअरिंग किंवा लायनर करा. नवी रिंग लायनरमध्ये खाली, कमी झिजलेल्या भागात, पिस्टननंच सरळ ढकलून बसवा आणि तोंडातली फट फिलर गेजनं बघा: बोअरच्या दर इंचाला ३ ते ४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साडेचार इंचाला ०.३५ ते ०.४५ मिमी. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर रिंगेची तोंडं भिडतात आणि ती लायनर ओरबाडते. बिग एंडला शाफ्टच्या दर इंच व्यासाला एक थाऊ तेलाची जागा हा जुना नियम अजून चालतो. शिम दोन्ही बाजूंच्या सारख्या काढा, आणि जुनी कॉटर पिन सरळ करून परत वापरू नका. दोन-तीन रुपयांची पिन तुटली तर बिग एंड सुटून क्रँककेसला भोक पडतं.

चाक काढायचं असेल तर नाकाची चावी, म्हणजे चाक शाफ्टवर जखडणारी नाकाड पाचर, ही कसोटी. चावीचं नाक आणि चाकाचा हब यांच्या फटीत दोन बाजूंनी दोन पाचरी सारख्या ठोका. बाजूनं हातोडा मारला की नाक तुटतं आणि मग ड्रिल करत बसावं लागतं. चाक एकट्यानं उतरवू नये, त्याखाली बोटं जातात. परत बसवताना चावीवर निळा रंग लावून ती पूर्ण लांबीत टेकते का पाहा. सैल चावीचा आवाज बिग एंडच्या ठोक्यासारखाच येतो. बेअरिंग बदललं, आवाज तसाच, असं झालं की बहुतेक वेळा दोष चावीत असतो. आणि तसंच चालवत राहिलं तर शाफ्ट चावीच्या खाचेपाशी मोडतो.

पुराच्या इंजिनात खरं दुखणं फ्युएल पंपाचं. प्लंजर (आतला दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांमध्ये दोन-तीन मायक्रॉनची जागा असते. पंचगंगेचा गाळ त्यात शिरला की ओरखडे पडतात. ही जोडी एकमेकांसोबतच घासून बनवलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालू नका, पॉलिश पेपर लावू नका, कापसाच्या वेस्टनं पुसू नका, कारण त्याचा एक धागा पुरतो. स्वच्छ डिझेलात बुडवून हातानं हलवा. ओला प्लंजर स्वतःच्या वजनानं सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे. नोझल टेस्टरवर बघायच्या गोष्टी तीन: फवारा करकर आवाज करत सुटतो का, टोकाशी थेंब राहतो का, दाब धरून ठेवतो का.

टायमिंगला यंत्र लागत नाही. पंपावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथं वाकडी नळी लावा, डिझेल सुरू करा, रॅक (पंपातून किती डिझेल जाईल ते ठरवणारी दांडी) पूर्ण उघडी ठेवा. कॉम्प्रेशनच्या फेरीत चाक सावकाश फिरवत न्या. नळीतून थेंब थांबतो तो क्षण म्हणजे इंजेक्शनची सुरुवात. ६५० फेऱ्यांच्या लिस्टर नमुन्यावर तो वरच्या टोकाच्या २० अंश आधी हवा. ३६० चे १८ भाग म्हणजे २० अंश, म्हणून चाकाच्या घेराला सुतळी गुंडाळून लांबी मोजा, १८ नं भागा आणि तेवढ्या अंतरावर खडूची खूण करा. पंपाचा टॅपेट वर-खाली करून जुळवा. व्हॉल्व्ह परत बसवायला विसरू नका.

आता पाणी. नदीकाठी आणि गुऱ्हाळावर सर्रास पंपाच्याच पाइपातून बारीक नळी इंजिनाला जोडतात आणि थंडगार पाणी आतून सरळ पाटात जातं. इंजिन हाताला गार लागतं, म्हणून मालक खूश असतो. पण गार लायनरवर धुरातली वाफ जमते, ती डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल होते आणि लायनर आतून खाते. शिवाय गाळ पाण्याच्या जाकिटात, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत, खाली साचतो. इंग्लंडच्या कालव्यांवरच्या नॅरोबोट, म्हणजे जेमतेम ७ फूट रुंदीच्या लांबट, एके काळच्या मालवाहू होड्या, याच अडचणीतून गेल्या आहेत. त्यांतली जुनी लिस्टर, रसेल न्यूबेरी, गार्डनर इंजिनं जपणारी मंडळी बऱ्याच होड्यांत कालव्याचं गढूळ पाणी इंजिनात घेतच नाहीत. होडीच्या पत्र्याला आतून चिकटलेली लोखंडी टाकी असते, तेच ते पाणी तिच्यातून फिरतं आणि कालवा बाहेरून पत्रा गार करतो. त्यांना थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटण्याचीही भीती असते, ती आपल्याला नाही.

आपल्यासाठी २०० लिटरचा बॅरल पुरेसा. तो सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा. खालची नळी बॅरलच्या तळाजवळून, पण चार बोटं वर, म्हणजे गाळ येणार नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, म्हणून वरची नळी हेडपासून चढतीच हवी, मध्ये कुठंही उतार नको, आणि तिचं तोंड बॅरलमधल्या पाण्याखाली. पाणी या तोंडाखाली गेलं की फिरणं थांबतं आणि हेड तापून तडकतं. वरची नळी हाताला क्षणभरच धरवेल इतकी गरम असली की इंजिन सुखात आहे.

तुटलेला किंवा हरवलेला भाग मिळाला नाही तर कोल्हापूरकर नशीबवान आहे, फाउंड्री हाकेच्या अंतरावर आहेत. पॅटर्न करताना बिडासाठी फुटाला एक सूत आकसणं धरा आणि जिथं मशिनिंग होणार तिथं वेगळी जाडी सोडा. जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर नवा लहान निघतो. ही चूक फार होते. काढलेले मूळ भाग भंगारात घालू नका, चिठ्ठी बांधून ठेवा. नंबरची पितळी पट्टी रंगवू नका. रंगाबद्दल एवढंच पुरे.

सुरू करताना डीकॉम्प्रेशनचा खटका (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून, डिझेल बंद ठेवून चाळीस-पन्नास फेऱ्या द्या, म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोचेल. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला; उलटा झटका आला तर मनगट वाचतं. शेजारी ओलं पोतं आणि फळी ठेवा. रॅक अडकून किंवा क्रँककेसमध्ये तेल जास्त होऊन इंजिन पळत सुटलं तर हवेचं तोंड फळीनं बंद करणं हाच उपाय, हात लावू नका. दहा मिनिटं मोकळं चालवा, थंड झाल्यावर हेड परत आवळा. मग लोड द्या: पाव, अर्धा, पाऊण, दोन-दोन तास. नव्या रिंगा मोकळ्या चालण्यानं बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि निळा धूर कायमचा मागे लागतो. दहा तासांनी तेल बदला, मग शंभराला. फिल्टर नसलेल्या इंजिनात साधं ३० नंबरचं, डिटर्जंट नसलेलं तेल मला पसंत आहे: घाण तळाशी बसते. पण मग दर वेळी दार उघडून तळ फडक्यानं पुसलाच पाहिजे.

मे अखेरीला, गुऱ्हाळाचा हंगाम उलटून गेलेला असतो तेव्हा, इंजिन पायाच्या बोल्टांवरून सोडवून चेन ब्लॉकनं उंच जागी हलवता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर नोझलच्या भोकातून दोन चमचे तेल घाला आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाशी आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, पाण्याची नळी सोडून जाकीट रिकामं करा आणि फ्युएल पंप काढून, डिझेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी न्या. एवढा एक भाग पुरातून वाचला तरी ऑक्टोबरातलं अर्धं काम कमी होतं.